लष्करातले वजनाचे तक्ते, टेप चाचणी आणि शारीरिक परीक्षा: निकष न्याय्य आहेत का?

कवायत (धागाकर्ता)

सैन्यातल्या वजनाच्या आणि तंदुरुस्तीच्या निकषांवर चर्चा निघाली की 'हा अन्याय आहे' आणि 'सैन्यात सवलत कसली' ही दोन टोकं लगेच पुढे येतात. माप नेमकं कसं घेतात, सूत्र काय आहे, चूक कुठे शिरते, यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही. तेवढ्यासाठी हा धागा. उदाहरणं मुख्यतः अमेरिकी सैन्याची घेऊ, कारण तिथली सूत्रं आणि तक्ते उघड आहेत. कॅनडा आणि ब्रिटन तुलनेला.

माझं म्हणणं आधीच मांडतो. वजनाच्या निकषात तीन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात. माणसाला काम झेपेल का? तो आजारी किंवा जायबंदी पडण्याची शक्यता किती? आणि तो गणवेशात नीटनेटका दिसतो का? अमेरिकी लष्कराच्या ६००-९ क्रमांकाच्या नियमावलीत सज्जता, आरोग्य आणि दिसणं हे तिन्ही हेतू लिहिलेले आहेत. तिन्ही प्रश्न रास्त असू शकतात, पण एका टेपने तिन्हींची उत्तरं मिळत नाहीत.

तिथली जुनी पद्धत थोडक्यात अशी. आधी उंची-वजनाचा तक्ता. वजन त्यात बसलं तर विषय संपला. जास्त भरलं तर टेप लावून शरीरातली चरबी किती टक्के याचा अंदाज काढायचा. मर्यादा वयानुसार: पुरुषांना १७ ते २० वर्षं २० टक्के, २१ ते २७ ला २२, २८ ते ३९ ला २४ आणि ४० च्या पुढे २६. स्त्रियांना याच गटांत ३०, ३२, ३४, ३६. त्याहून जास्त चरबी निघाली की नावावर 'फ्लॅग' लागतो, म्हणजे बढती थांबते आणि पुढच्या प्रशिक्षणाला पाठवत नाहीत. मग दरमहा ३ ते ८ पौंड (साधारण १.४ ते ३.६ किलो) वजन किंवा १ टक्का चरबी कमी होत राहिली तर प्रगती समाधानकारक धरतात. ती झाली नाही तर नोकरी जाऊ शकते.

परिणाम इतके गंभीर असताना माप किती भरवशाचं आहे हे बघायलाच हवं.

---

आकडेमोड

सूत्रांचा भाग मी घेतो.

२०२३ पर्यंत लष्कर वापरत होतं ते सूत्र नौदलाच्या आरोग्य संशोधन केंद्रात हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये बसवलं. पुरुषांसाठी पोटाचा घेर वजा मानेचा घेर, आणि उंची. स्त्रियांसाठी कंबर अधिक नितंब वजा मान, आणि उंची. मापं इंचात, त्यांचा लॉगरिदम घ्यायचा.

पुरुष: ८६.०१० × लॉग(पोट − मान) − ७०.०४१ × लॉग(उंची) + ३६.७६
स्त्री: १६३.२०५ × लॉग(कंबर + नितंब − मान) − ९७.६८४ × लॉग(उंची) − ७८.३८७

उंची ७० इंच, पोट ३६, मान १६ असलेल्या पुरुषाची चरबी १९.४ टक्के येते. मान १५ भरली, बाकी सगळं तेच, तर २१.३. म्हणजे मानेच्या एका इंचाने जवळजवळ दोन टक्क्यांचा फरक. २० वर्षांच्या सैनिकासाठी हाच पास-नापासचा फरक आहे. म्हणून लोक टेपच्या आधी महिनोन्महिने खांदे उचलण्याचे आणि मानेचे व्यायाम करत. पोटावरची चरबी होती तेवढीच, पण कागदावर ती कमी झाली.

जून २०२३ मध्ये लष्कराने एकाच जागी टेप लावायची पद्धत आणली. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर (इंच) आणि वजन (पौंड), बस्स.

पुरुष: (१.९९ × पोट) − (०.१२ × वजन) − २६.९७
स्त्री: (१.२७ × पोट) − (०.०१५ × वजन) − ९.१५

यात मान नाही, नितंब नाहीत आणि उंचीसुद्धा नाही. वजनाची खूण वजा आहे हे नीट बघा. पोट ३६ इंच असलेल्या दोन पुरुषांपैकी १७० पौंडवाल्याची चरबी २४.३ टक्के येते आणि २२० पौंडवाल्याची १८.३. तर्क बरोबर आहे: पोट तेवढंच असून वजन जास्त, तर ते वजन बहुधा मांड्या, पाठ आणि खांद्यांच्या स्नायूंचं. जड पण पिळदार माणसाला जुन्या तक्त्याने जो त्रास व्हायचा तो इथे बराच कमी होतो. उलट बारीक हातापायांच्या, थोडं पोट सुटलेल्या माणसाला हे सूत्र अचूक पकडतं. मात्र टेपचा एक इंच इथेही दोन टक्क्यांना पडतो, त्यामुळे हात स्थिर हवा.

---

तन्वी_फिजिओ

आकडेमोड, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. सूत्रावर वाद घालताना टेप धरणाऱ्या हाताकडे कोणी बघत नाही.

माप नीट घ्यायचं तर टेप न ताणणारी हवी, फायबरग्लासची. शिवणकामाची कापडी टेप वापरून वापरून लांबते आणि मग घेर कमी दाखवते. सैनिक अनवाणी, सरळ उभा, हात बाजूला सैल, नजर समोर. टेप उघड्या त्वचेवर बेंबीच्या पातळीला, चहूबाजूंनी जमिनीला समांतर. श्वास नेहमीसारखा सोडून झाला की त्या क्षणी वाचायचं. टेप त्वचेला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. पूर्ण फेरी तीन वेळा करायची आणि सरासरी धरायची. एकाच जागी तीनदा वाचून पुढे जायचं नाही, कारण मग पहिली चूकच तीनदा लिहिली जाते. एकाने टेप धरायची, दुसऱ्याने पाठीमागून ती सरळ आहे का बघायचं आणि आकडा लिहायचा.

चुका ठरलेल्या आहेत. पाठीमागे टेप खाली घसरते, घेर तिरका होतो आणि माप वाढतं. सैनिक पोट आत ओढतो किंवा श्वास रोखतो. ओळखीच्या माणसाला टेप घट्ट, नावडत्याला सैल. जेवणानंतर आणि सकाळी रिकाम्या पोटी यांत एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

आणखी एक अडचण बेंबीचीच. पोट ओघळलेलं असेल तर बेंबी खाली सरकते आणि टेप सर्वांत मोठ्या घेराच्या खाली लागते. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत म्हणूनच शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांचा मध्य धरते. त्यासाठी हाडं चाचपून खुणा कराव्या लागतात, मोजणाऱ्याला शिकवावं लागतं. बेंबी सगळ्यांना दिसते म्हणून ती निवडली. सोयीसाठी थोडी अचूकता सोडली, आणि मोजणारे दर काही महिन्यांनी बदलणार असतील तर हा सौदा मला मान्य आहे. पण सोय निवडली की मर्यादेच्या आसपासच्या माणसाला दुसरी संधी द्यायलाच हवी.

---

गिरीश७१

थोडी उलट बाजू मांडतो.

सैन्यातला निकष लाखो माणसांना, जहाजावर, वाळवंटात, कुठेही लावता आला पाहिजे. टेप स्वस्त आहे, वीज लागत नाही, वादात पुन्हा मोजता येतं. क्ष-किरणांनी चरबी मोजणारं डेक्सा यंत्र अचूक असेल, पण ते तळावरच्या रुग्णालयात असतं. निकष जितका गुंतागुंतीचा तितकी पळवाट जास्त.

दिसण्याचा मुद्दाही टाकाऊ नाही. गणवेश हे संस्थेचं चिन्ह आहे, आणि जो स्वतःच्या शरीराची शिस्त सांभाळतो त्याचा हाताखालच्यांवर प्रभाव पडतो. शिवाय वाढता घेर ही पुढच्या मधुमेहाची आणि रक्तदाबाची खूण असते. २५ व्या वर्षी चांगला पळणारा माणूस ४० व्या वर्षीही सेवेत असणार आहे, हे लष्कराला बघावं लागतं.

---

कवायत

गिरीश७१, टेप सोपी असावी हे मान्य. दिसण्याचा निकष असायलाही माझी हरकत नाही, पण मग तो दिसण्याचा म्हणूनच लावा आणि शिक्षाही त्या मानाची ठेवा. आज तो आरोग्याच्या भाषेत लिहिला जातो आणि नोकरी घालवतो.

---

सांख्यिक

सोपेपणाची किंमत किती ते आकड्यांत बघू.

घेरांवरून चरबी काढणाऱ्या सूत्रांची, माणसाचं पाण्याखाली वजन करून काढलेल्या चरबीशी तुलना केली तर प्रमाण त्रुटी (अंदाज साधारणपणे किती चुकतो ते) ३ ते ४ टक्के-बिंदू निघते. ३.५ धरून चालू. मर्यादा २२ असताना ज्याची खरी चरबी २० आहे, त्याचं माप २२ च्या वर येण्याची शक्यता सुमारे २८ टक्के. उलट ज्याची खरी चरबी २५ आहे तो सुमारे २० टक्के वेळा पास ठरतो. दोन्ही चुका खऱ्या माणसांच्या वाट्याला येतात.

पण यातला खरा मुद्दा निराळा आहे. 'तीनदा मोजा, चूक सरासरीत निघून जाईल' असं वाटतं, ते फक्त टेप धरण्याच्या चुकीबद्दल खरं आहे. सूत्राची त्रुटी त्या माणसाच्या बांध्याला चिकटलेली असते. ज्याच्या शरीरात चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठते, किंवा ज्याचा छातीचा पिंजरा आणि कमरेचं हाड मुळातच रुंद आहे, त्याला सूत्र प्रत्येक वेळी त्याच दिशेने चुकवतं. दहा वेळा मोजलं तरी दहा वेळा तीच चूक. म्हणजे सूत्र सगळ्यांवर थोडाथोडा अन्याय करत नाही. ते काही ठरावीक बांध्यांच्या लोकांवर वर्षानुवर्षं तोच अन्याय करत राहतं. न्याय्यतेचा विचार करताना मला ही बाब सर्वांत जड वाटते.

यावर उपाय म्हणजे मर्यादेच्या आजूबाजूला पट्टा ठेवायचा. मर्यादेच्या खूप खाली तो पास, खूप वर तो नापास, आणि मधल्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळ्या तत्त्वावर चालणारं दुसरं साधन. तेच साधन पुन्हा लावून काही साधत नाही. २०२३ च्या बदलात लष्कराने टेपमध्ये नापास झालेल्याला डेक्सा, बॉड पॉड किंवा इनबॉडी ७७० यांपैकी उपलब्ध असेल ती चाचणी मागता येईल असं केलं. दिशा बरोबर आहे, पण ज्याच्या तळावर यंत्र आहे त्याला न्याय मिळतो आणि दूरच्या ठाण्यावरच्याला मिळत नाही, हा नवा प्रश्न उभा राहतो.

---

तन्वी_फिजिओ

त्या तीन यंत्रांबद्दल थोडी पुरवणी. इनबॉडी शरीरातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून चरबी काढतं. त्यामुळे आदल्या दिवशी घाम गाळून शरीर कोरडं केलेल्या माणसाची चरबी त्यात जास्त दिसू शकते. बॉड पॉड हवेच्या विस्थापनावरून आकारमान काढतं, तिथे सैल कपडे आणि न झाकलेले केस आकडा बिघडवतात. डेक्सा क्ष-किरणांवर चालतं आणि तिघांत सर्वांत भरवशाचं, पण दोन कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच माणसाचे आकडे वेगळे येतात. प्रगती मोजायची तर त्याच यंत्रावर, दिवसाच्या त्याच वेळी.

---

शाश्वती

स्त्रियांच्या जुन्या सूत्रात किती मोठा दोष होता तो वर आला नाही, म्हणून गणित करून दाखवते.

उंची ६५ इंच, मान १३, कंबर ३०, नितंब ४०. चरबी ३१.१ टक्के. आता नितंब ४२ धरा, बाकी सगळं तेच. ३३.५ टक्के. २१ ते २७ वयोगटात मर्यादा ३२, म्हणजे पहिली पास, दुसरी नापास. या दोन इंचांत ओटीपोटाच्या हाडाची रुंदी किती, स्नायू किती आणि चरबी किती, हे टेपला कळत नाही. दौडणाऱ्या, वजन उचलणाऱ्या बाईचे नितंबांचे स्नायू वाढतात आणि सूत्र ती वाढ चरबीत मोजतं. त्यातून नितंब-मांड्यांवरची चरबी हृदयविकार आणि मधुमेहाच्या दृष्टीने पोटाच्या चरबीपेक्षा कितीतरी कमी धोक्याची. म्हणजे आरोग्याच्या नावाखाली शरीराचा तुलनेने निरुपद्रवी भाग मोजून शिक्षा होत होती. नव्या सूत्रातून नितंब काढले हा २०२३ चा सर्वांत चांगला बदल आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

बाळंतपणानंतरचा नियमही सांगायला हवा. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये बाळंतपणानंतर ३६५ दिवस शारीरिक परीक्षा आणि चरबीचा निकष या दोन्हींतून सूट दिली. आधी ही मुदत बरीच कमी होती. पोटाच्या मधल्या स्नायूंची फट भरायला, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची ताकद परत यायला आणि स्तनपान चालू असताना शरीर झिजू न देता वजन उतरवायला वेळ लागतो. घाई केली तर लघवीवरचा ताबा सुटणं, पाठदुखी आणि हाडांना बारीक तडे जाणं हे पुढे येतं.

---

पायदळ

चरबीवर खूप झालं. मुख्य अन्याय मला शारीरिक परीक्षेच्या रचनेत दिसतो, आणि तो जड-हलक्या माणसांमधला आहे. स्त्री-पुरुष वाद त्याच्या वरचा थर.

अमेरिकी लष्कराची जुनी परीक्षा १९८० पासून चालली: जोर, सिट-अप (पाठीवर झोपून धड वर उचलणं), दोन मैल धाव. तिन्हीत माणूस फक्त स्वतःचं वजन हलवतो. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि वजन घनफळावर. म्हणून शरीर दीडपट जड झालं तर ताकद अंदाजे १.३ पट होते, दीडपट होत नाही. दर किलोमागे ताकद सुमारे १३ टक्के घटते. जोर आणि पुलअपमध्ये हलका माणूस निसर्गतःच पुढे.

आता खरं काम बघा. पाठीवरचा बोजा, दारूगोळ्याची पेटी, जखमी साथीदार यांचं वजन सगळ्यांना सारखं. ४० किलोचा बोजा ६० किलोच्या सैनिकाच्या वजनाच्या ६७ टक्के असतो, ९० किलोच्या सैनिकाच्या ४४ टक्के.

दमसासाचं गणित करू. ६० किलोचा सैनिक दर किलोमागे मिनिटाला ५४ मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतो, ९० किलोचा ४८. मोकळ्या धावेत पहिला सहज जिंकेल. एकूण क्षमता मात्र पहिल्याची ३.२४ लिटर आणि दुसऱ्याची ४.३२. दोघांच्या पाठीवर ४० किलो चढवले की हलवायचं एकूण वजन १०० आणि १३०. दर किलोमागे पहिल्याला ३२.४, दुसऱ्याला ३३.२. क्रम उलटला. हाच ९० किलोचा माणूस वजनाच्या तक्त्यात अडकतो आणि दोन मैलांत गुण गमावतो, आणि बोजा घेऊन चालायच्या वेळी सगळ्यांना तोच हवा असतो.

ब्रिटिश लष्कराने २०१९ पासून याच विचाराने भूमिकेनुसार चाचणी आणली. पायदळासाठी ४० किलो घेऊन ४ किलोमीटर ५० मिनिटांत, मग ११० किलोचा जखमी ओढण्याची कसोटी २० मीटर. ११० किलो हा आकडा साहित्यासकट माणसाचा आहे. तिथे स्त्री-पुरुष, वय, वजन काही बघत नाहीत.

---

गिरीश७१

पायदळ, तुमचं गणित पटलं. पण '९० किलोचा' म्हणताना तो ९० किलो कशाचा हे सांगायला हवं. १५ टक्के चरबीचा ९० किलोवाला बोजा वाहील. ३० टक्के चरबीचा ९० किलोवाला १५ टक्केवाल्यापेक्षा साडेतेरा किलो जास्तीची चरबी कायमची घेऊन चालतो, शिवाय गुडघ्यांवर तेवढा भार.

---

पायदळ

बरोबर. म्हणूनच त्याला बोजा घेऊन चालवा. त्याची चरबी वेळेत आपोआप मोजली जाईल, टेपची गरज पडणार नाही. अमेरिकेच्याच मरीन कोअरने (सागरी लढाऊ दलाने) २०१७ मध्ये अर्धं पाऊल टाकलं: दोन्ही शारीरिक परीक्षांत ३०० पैकी २८५ किंवा जास्त गुण असतील तर वजन-चरबीच्या मर्यादेतून सूट दिली, २५० ते २८४ ला १ टक्का ढील. लष्करानेही मार्च २०२३ मध्ये, जुन्या परीक्षेच्या जागी आलेल्या सहा प्रकारांच्या परीक्षेत ६०० पैकी ५४० आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० मिळवणाऱ्याला टेप माफ केली.

---

सांख्यिक

सूट चांगली, पण पायदळ यांचाच मुद्दा इथे लागू होतो: परीक्षा हलक्यांच्या बाजूने झुकलेली असेल तर सूटही त्यांनाच मिळेल, आणि त्यांना तिची गरज नव्हतीच. सहा प्रकारांच्या परीक्षेत डेडलिफ्ट (जमिनीवरून जड वजन उचलणं) आणि बोजा ओढण्याची धाव आली, त्यामुळे तोल बराच सावरला. सूट अर्थपूर्ण ठरते ती अशाच मिश्र परीक्षेत.

---

अनुया

'एकच निकष सगळ्यांना' हे वर सहज म्हटलं गेलंय. माझी हरकत तत्त्वावर नाही, तो निकष ठरवतात कसा यावर आहे.

सहा प्रकारांची परीक्षा मुळात स्त्री-पुरुष आणि वय न बघता आखली होती. स्त्रिया मोठ्या प्रमाणात नापास होऊ लागल्या. हात लटकवून गुडघे वर घेण्याचा प्रकार त्यात सर्वांत अडचणीचा होता. तो कामाच्या कुठल्या भागाशी जोडलेला आहे हे पटण्याजोगं दाखवता आलं नाही आणि २०२२ मध्ये तो काढून प्लँक ठेवला, गुणतक्तेही वय-लिंगानुसार वेगळे केले. जून २०२५ पासून परीक्षा पाच प्रकारांची झाली. लढाऊ गटातल्या २१ विशेष कामांना स्त्री-पुरुषांसाठी एकच तक्ता आणि एकूण ३५० गुण लागतात, बाकीच्यांना ३००. लढाऊ तक्ताही वयानुसार बदलतो, हे लक्षात ठेवा. 'गोळी वय विचारत नाही' हा युक्तिवाद खरा मानला तर तिथेही ढील नको होती.

निकष कसा ठरवावा याचं सर्वांत नीट उत्तर सैन्याबाहेरून आलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वणवा विझवणाऱ्या टॉनी मेओरिन चांगलं काम करत होत्या. नवी चाचणी आली: अडीच किलोमीटर ११ मिनिटांत. त्यांना ४९.४ सेकंद जास्त लागले आणि नोकरी गेली. पहिल्या प्रयत्नात पुरुष ६५ ते ७० टक्के पास होत, स्त्रिया ३५ टक्के. १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. मालकाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: निकषाचा हेतू कामाशी तर्कशुद्धपणे जोडलेला आहे, तो प्रामाणिकपणे ठरवलाय, आणि तो त्या कामासाठी खरोखर आवश्यक आहे, इतका की वेगळ्या व्यक्तींना सामावून घेणं मालकाला अवाजवी जड जाईल. ती धाव तिसऱ्या कसोटीवर पडली. चाचणी बनवणाऱ्यांनी चांगलं काम करणाऱ्यांची सरासरी क्षमता मोजली होती, कामाला किमान किती लागते ते मोजलं नव्हतं.

बहुतेक लष्करी निकषांची चूक हीच असते. चांगल्या सैनिकांचे आकडे घेऊन त्यांची सरासरी किमान म्हणून लावतात.

---

कवायत

अनुया, या शेवटच्या वाक्यासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. कॅनडाच्या सैन्याची फोर्स चाचणी याच वाटेने आली का?

---

अनुया

हो, २०१३ पासून. आधी सर्व सैनिकांना करावी लागणारी सहा समान कामं ठरवली: आगीखालून आडोशाला पळणं, खणणं, वाळूच्या पिशव्यांचा आडोसा उभारणं, स्ट्रेचर वाहणं वगैरे. त्यांतून चार सोप्या चाचण्या काढल्या. २० मीटरच्या जलद धावा ५१ सेकंदांत, २० किलोच्या पिशव्या ३० वेळा उचलणं ३ मिनिटं ३० सेकंदांत, बोजा घेऊन आणि न घेता आलटून-पालटून फेऱ्या ५ मिनिटं २१ सेकंदांत, आणि वाळूच्या पिशव्या २० मीटर न थांबता ओढणं. उत्तीर्णतेची रेषा सर्वांना एकच. त्याच्या वर उत्तम कामगिरीसाठीची बक्षिसं मात्र वय आणि लिंगानुसार. नोकरी टिकायला कामाची किमान रेषा, आणि प्रोत्साहनाला स्वतःच्या गटाशी तुलना. ही विभागणी मला सर्वांत न्याय्य वाटते.

---

रानवारा

वजन घटवण्याच्या घाईबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि माणसं मरतात ती तिथेच.

मोजणीच्या आदल्या दोन दिवसांत पाणी बंद, प्लास्टिक गुंडाळून घाम काढणं, रेचकं, लघवीच्या गोळ्या. दोन-तीन किलो उतरतात, पण ते पाणी असतं. रक्ताचं आकारमान घटतं, घाम कमी येतो, शरीर तापतं. त्याच किंवा दुसऱ्या दिवशी धाव असेल तर उष्माघात आणि स्नायू विरघळून मूत्रपिंड बंद पडण्याचा धोका. १९९७ मध्ये अमेरिकेत वजनगटासाठी असं पाणी काढताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले आणि तिथले नियम बदलले. अमेरिकी लष्कराच्या नियमावलीतही वजन आणि परीक्षा यांत शक्यतो ७ दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलंय. एकाच सकाळी दोन्ही उरकणारा अधिकारी वेळ वाचवत असेल, पण जवानाचा जीव धोक्यात घालतो.

दुसरं टोकही धोक्याचं. दुखापतीचा धोका जाड माणसात वाढतो तसा फार बारीक माणसातही वाढतो. कमी वजनाच्या नव्या भरतीत, विशेषतः कमी खाऊन खूप चालणाऱ्या मुलींत, नडगीच्या आणि पायाच्या हाडांना तडे जातात. आणि दुखापतीचा सर्वांत पक्का इशारा वजन देत नाही, तो देते मंद धाव आणि आधी झालेली दुखापत. निकष ठरवणाऱ्यांनी खालची रेषाही तितक्याच काटेकोरपणे पाळली पाहिजे.

---

शाश्वती

रानवारा, पूर्ण सहमत. लोहाची कमतरता आणि पाळी बंद होणं या दोन खुणा वैद्यकीय तपासणीत विचारल्याच पाहिजेत.

---

आकडेमोड

बीएमआयबद्दल (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) एक नोंद राहिली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या चौकटीत पहिल्या चाळणीची वरची रेषा पूर्वी २५ ते २७.५ च्या दरम्यान ठेवायची असायची. १७५ सेंटिमीटर उंची आणि ८५ किलो म्हणजे बीएमआय २७.८, चाळणीत अडकला. पण बीएमआयच्या त्याच आकड्याला वेगवेगळ्या वंशांत चरबी वेगळी असते. दक्षिण आशियाई शरीरात ती जास्त आणि पोटावर जास्त, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या जादा रेषा सुचवल्या. म्हणजे चाळणी जड पिळदार माणसाला विनाकारण अडवते आणि हडकुळ्या हातापायांच्या पोटवाल्याला सोडून देते.

यापेक्षा कंबर भागिले उंची बरी. अमेरिकी हवाई दलाने २०२३ पासून ०.५५ च्या खाली हा निकष स्त्री-पुरुष दोघांना घेतला. १६० सेंटिमीटर उंचीला ८८, १७५ ला ९६, १९० ला साधारण १०४ सेंटिमीटर. कागद-पेन्सिलने निघतं, वजनकाटाही लागत नाही. ब्रिटनचं आरोग्य मार्गदर्शन याहून कडक आहे, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा असं सांगतं.

---

गिरीश७१

हे गुणोत्तर मला पटतं. टेपइतकंच सोपं आणि आरोग्याचा माझा मुद्दाही राखला जातो. दिसण्याचा निकष मग गणवेशाच्या तपासणीत बघा, त्याला नोकरीशी जोडायची गरज नाही, एवढं मी मान्य करतो.

---

नवखा_२२

तज्ज्ञांना एक प्रश्न. समजा एखाद्याला टेपमध्ये चुकून नापास केलं असं वाटलं, तर त्याने त्या क्षणी नेमकं काय करावं?

---

तन्वी_फिजिओ

शांतपणे तिथेच पुन्हा मोजायला सांगावं, शक्य असल्यास दुसऱ्या प्रशिक्षित माणसाकडून. टेप पाठीमागे समांतर आहे का ते तिसऱ्याने बघावं. तिन्ही फेऱ्यांचे आकडे नोंदीत आलेत का तपासावं, नुसती सरासरी नको. अर्जावर सही करण्यापूर्वी वजन, उंची आणि घेर स्वतः वहीत उतरवून सूत्र स्वतः चालवून बघावं, बेरजेच्या आणि वयोगट चुकीचा धरल्याच्या चुका त्यातच सापडतात. तरीही नापास आणि फरक तीन-चार टक्क्यांच्या आत असेल तर पूरक चाचणीची लेखी मागणी लगेच करावी, आणि त्या दिवसापर्यंत पाणी व जेवण नेहमीसारखं ठेवावं. उपाशी राहून, पाणी तोडून गेलं तर यंत्राचा आकडा त्याच्याविरुद्ध जाण्याची शक्यता असते.